मर्डोच्या टोपीवरची माशी

मी एक माशी बोलतेय. दचकू नका, तुमच्या चहाच्या कपाभोवती घोंगावते ती मी नव्हे. मी खोटी माशी आहे. पोलादाच्या छोट्याशा गळावर रानसशाची लव आणि कोंबड्याची पिसं बांधून मला घडवलंय. मला उडता येत नाही, चावता येत नाही, पोट तर मुळातच नाही. तरीही ग्लेनी नदीतल्या भल्याभल्या ट्राउट माशांनी मला खरी समजून तोंड उघडलंय. याचा मला गर्व आहे, आणि तो मी लपवत नाही.

सध्या माझा मुक्काम अशाच एका ट्राउटच्या जबड्याच्या कोपऱ्यात आहे. जागा ओली आहे, थंड आहे, पण शेजार वाईट नाही. इथं मी कशी आले ते सांगायचं तर आधी आयल्सा आणि मर्डोबद्दल सांगावं लागेल, कारण त्या दोघांशिवाय माझ्या जन्माला काही अर्थ नाही.

आयल्सा पेट्री थोरली बहीण, मर्डो तिच्या पाठचा. दोघांचीही सत्तरी उलटलेली. आयल्सानं आयुष्यभर शाळेची बस चालवली, त्यामुळे तिचा आवाज असा की शेवटच्या बाकावरचं पोरही सरळ बसावं. मर्डोनं आयुष्यभर मेंढ्या कातरल्या, त्यामुळे त्याची पाठ वाकलेली आणि लोकरीतल्या तेलानं हात मात्र लोण्यासारखे मऊ. आयल्सा नदीकाठच्या जुन्या पेट्री घरात राहते आणि मर्डो रस्त्यापलीकडच्या दोन खोल्यांत. त्याची बायको गेल्यापासून तो जेवायला बहिणीकडेच असतो आणि रोज तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवतो.

माझा जन्म चार वर्षांपूर्वी, जुलैच्या कडाक्यात (जगाच्या आमच्या दक्षिण टोकाला हिवाळा तेव्हाच असतो), आयल्साच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला. लव रानसशाच्या कानामागची. पिसं मात्र जित्याजागत्या कोंबड्याच्या मानेची. त्याचं नाव पाद्री, कारण तो छाती पुढे काढून, मान डोलवत, अंगणातल्या सगळ्यांच्या पापांचा हिशेब घेत चालायचा. आयल्सानं त्याला काखेत धरून दोन पिसं उपटली तेव्हा त्यानं जो काही उद्धार केला, तो देवळात शोभणारा नव्हता.

टेबलाला लावलेल्या चिमट्यात गळ धरून आयल्सा मला बांधत होती. लव झाली, शेपूट झालं, पंख उभे राहिले. शेवटची गाठ मारणार तोच मर्डो लोणी माखलेला गरम चीज रोल तोंडात धरून आत आला आणि टेबलावर आदळला. माझे पंख डावीकडे कलंडले.

"केलास सत्यानाश!" आयल्सानं कात्री उचलली. "आता ही कापून पुन्हा बांधायला हवी."

"थांब, थांब. राहू दे की." मर्डोनं मला डोळ्यांजवळ नेलं. तेव्हा त्याचे डोळे चांगले होते. "खऱ्या माशा कुठं सरळ असतात? पाण्यातून नुकत्या बाहेर आलेल्या, पंख ओले, वाऱ्यानं एका अंगाला झुकलेल्या. ही जिवंत दिसतेय, आयल्सा."

"तुझं लोणी टेबलावर सांडलंय, ते आधी पूस."

असा माझा जीव वाचला. मग आयल्सानं पक्कडीनं गळाची आतली उलटी अणी दाबून सपाट केली, म्हणजे मासा लागला तर त्याला इजा न होता सोडवता यावं. हे लोक असेच आहेत. एवढा जीव टाकून मासा पकडायचा आणि मग ओल्या हातानं अलगद धरून, धारेकडे तोंड करून, सोडून द्यायचा. सुरुवातीला मला हे शुद्ध वेड वाटलं होतं.

आता डावाबद्दल सांगते. ही भावंडं लहान असताना घरात मासेमारीची काठी एकच होती आणि भांडणं मात्र रोज. तेव्हा त्यांच्या वडिलांनी नियम घातला. एकानं पाण्यात उतरायचं, दुसऱ्यानं उंच काठावर उभं राहून त्याचे डोळे व्हायचं, कारण पाण्याच्या पातळीवरून जे दिसत नाही ते वरून लख्ख दिसतं. काठावरच्यानं मासा शोधायचा, माशी कुठं टाकायची ते सांगायचं. मासा काढला की डाव दुसऱ्याचा. मासा काढला म्हणजे काय, तर त्याला हात लागला पाहिजे. हात लागला नाही तर मासा हिशेबात धरायचा नाही, आणि डाव हलायचा नाही.

वडील गेले, काठ्या बदलल्या, नियम राहिला. हे लोक माशाची लांबी सांगताना दोन्ही हात कितीही लांब करतील, पण डावाच्या बाबतीत या घरात कधी कुणी खोटं बोललं नव्हतं. डाव ज्याचा, त्याच्या टोपीत मी खोचलेली असायची. डाव फिरला की मीही या टोपीतून त्या टोपीत.

तशीच एक हाकसुद्धा या घराची होती. ट्राउट माशी तोंडात घेतो तेव्हा लगेच काठी उचलली तर ती त्याच्या उघड्या तोंडातून निसटून येते. त्याला तोंड मिटू द्यावं लागतं, मान खाली वळवू द्यावी लागते. तेवढा धीर धरण्यासाठी आमच्या खोऱ्यात प्रत्येक घरानं आपापले चार शब्द ठरवलेत. ते सावकाश म्हणायचे आणि शेवटच्या शब्दाला काठी उचलायची. पेट्रींच्या घरचे शब्द त्यांच्या आईचे होते. मागच्या दारात उभी राहून, चिखलानं भरलेल्या प्रत्येकाला ती म्हणायची: "बूट... आधी... बाहेर... काढा." तिचं वाक्य संपल्याशिवाय उंबऱ्यात पाय टाकायची कुणाची छाती नव्हती.

वसंतातली ग्लेनी ज्यानं पाहिली नाही त्याला मी काय सांगू? ऑक्टोबरात डोंगरावरचा बर्फ उतरू लागतो आणि नदीला नवा आवाज फुटतो. विलोच्या झाडांना कोवळी पानं येतात, कुरणात नवी कोकरं विनाकारण चारही पायांवर उड्या मारतात, काटेरी झुडपं पिवळ्या फुलांनी पेटतात. सकाळी गारा पडतात, दहा वाजता ऊन, अकराला ढग. आणि वारा पडून आभाळ असं मऊ झालं की नदीच्या तळातून खऱ्या माशा, मी जिचं सोंग घेते त्या पाणमाशा, वर येतात. पाण्यावर बसून पंख वाळवतात, लहान लहान शिडं उभारावीत तशा. त्यांचं आयुष्य जेमतेम एका दिवसाचं. त्या एका दिवसासाठी साऱ्या नदीतले ट्राउट हिवाळाभर उपाशी असल्यासारखे वर येतात.

त्या गर्दीत मी. काठी मागे जाते, दोरी मागे उलगडते, क्षणभर सगळं जग थांबतं, मग काठी पुढे येते आणि मी आयल्साच्या कानाजवळून शीळ घालत जाते. अंगावरचं पाणी हवेतच उडून जातं. दोरी पाण्यावर पसरते आणि सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत हळू, मी टेकते. पाद्र्याच्या पिसांच्या टोकांवर उभी राहून मी वाहत येते. खाली हिरवं पाणी, त्यात एक सावली तिरकी होते, वर येते. खरं सांगते, ते तोंड उघडताना दिसतं तेव्हा मला भीती वाटत नाही. मला नववधूसारखं वाटतं.

आणि मासा हातात आल्यावर या दोघांचे चेहरे! सोनेरी पोट, त्यावर लाल ठिपके, आणि ते बघणारे दोन म्हातारे, बोलायचं विसरलेले. मग हात उघडतात, मासा शेपटीचा एक फटकारा मारून निघून जातो आणि दोघंही हसतात. दुसऱ्या कशानंही माणसांना तसं हसताना मी पाहिलेलं नाही. तेव्हा मला कळलं की यात वेड असलं तरी ते शहाण्यासारखं आहे.

तीन वसंत असे गेले. मग मर्डोचे डोळे बिघडले.

शहरातल्या डॉक्टरांना दाखवून तो घरी आला आणि टेबलाशी बसला. आयल्सानं चहा ओतला.

"काय म्हणाले?"

"मधलं जाणार. कडेचं राहील. म्हणजे दाराला धडकणार नाही, पण ज्याच्याकडे बघावं तेवढंच नाहीसं होईल."

"म्हणजे मी?"

"तू तर आत्ताच गेलीस. डॉक्टरांना म्हटलं, चला, एवढा तरी फायदा झाला."

आयल्सा हसली. मग पाठ फिरवून धुतलेलाच कप कितीतरी वेळ धूत राहिली.

त्या वसंतात डाव मर्डोचा होता. आयल्सा काठावरून सांगायची तिथं तो मला बरोबर टाकायचा, हात तर शाबूत होते. पण मी त्याला दिसत नव्हते. पूर्वी मला बघत, ओठांतल्या ओठांत आईची हाक म्हणत तो थांबायचा. आता त्याला फक्त पाण्याचा आवाज यायचा. "डुब्" झालं की दचकून तो काठी उचलायचा आणि मी माशाच्या उघड्या तोंडातून सुटून हवेत. एकदा नाही, दर वेळी. ज्याला दिसत नाही त्याला धीर कुठून येणार? हा मासाही जाईल या भीतीनंच तो मासा घालवायचा.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी लागोपाठ तीन मासे असे गेले. मर्डो दगडावर बसला, दोरी गुंडाळली, मला दोरीपासून कापून टोपीत खोचलं.

"झालं माझं, आयल्सा. डाव तू घे."

"तुझा आहे. मी कशी घेऊ?"

"देतोय ना मी."

"डाव देता येत नसतो. मासा काढ, मग दे."

"हट्टी म्हातारी."

"आणि तू?"

रस्त्यापलीकडे आपल्या घरी जाऊन त्यानं टोपी मागच्या दाराजवळच्या खिळ्याला अडकवली. बहीण तर त्याच्यापेक्षा वरताण. त्यानं मासा काढल्याशिवाय आपण काठीला हात लावायचा नाही, असं ठरवून तीही घरात बसली. नदी पेट्री घरामागून वाहत होती, माशा उठत होत्या, मासे वर येत होते आणि ही दोघं टेबलाशी बसून हवामानाच्या बातम्या ऐकत होती. एवढा चांगला वसंत मी कधी वाया गेलेला पाहिला नव्हता.

खिळ्यावरचं वर्ष मी कसं काढलं ते माझं मला ठाऊक. धूळ बसली. सशाच्या लवेला कसर लागली. एक घरमाशी शेजारी बसून बराच वेळ माझी विचारपूस करत होती, उत्तर मिळेना म्हणून शिष्ट समजून उडून गेली. दारातून नदीचा आवाज यायचा. मला रडता येत नाही म्हणून, नाहीतर टोपी भिजली असती.

पुन्हा सप्टेंबर आला. एके दुपारी मर्डोच्या दारात गाडी थांबली. शेजारच्या मळ्यावरचा हेमी पाराता आला होता. मर्डोबरोबर वर्षानुवर्षं मेंढ्या कातरलेला हा धिप्पाड माणूस गावातल्या मासेमारी क्लबचं काम बघायचा. मर्डोनं आपली काठी क्लबच्या सोडतीत बक्षीस म्हणून द्यायचं ठरवलं होतं. हेमीनं काठी उचलली तेवढ्यात आयल्सा रस्ता ओलांडून आली. पिठाचे हात तसेच.

"हेमी, काठी खाली ठेव."

"आयल्सा, मला मर्डोनं बोलावलंय."

"काठी मर्डोची असेल, डाव दोघांचा आहे. डाव अर्धा असताना काठी घराबाहेर जात नाही."

हेमीनं एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. "मी आपला गाडीत बसतो," तो म्हणाला. "तुमच्यातलं कुणी जिवंत राहिलं तर हाक मारा."

तो गेल्यावर मर्डो खुर्चीत बसला. "मला दिसत नाही, आयल्सा. किती वेळा सांगू?"

"मला दिसतंय ना. मी काठावर असते ती कशाला? गवत मोजायला?"

"आणि समजा मी काढला मासा. डाव तुझा आला. मग काठावर कोण उभं राहणार? मी? तुला मासा दाखवायला?" त्याचा आवाज जरासा फाटला. "मी काठावरसुद्धा उपयोगाचा नाही. ते कळतंय का तुला?"

म्हणजे खरं दुखणं हे होतं. वर्षभर मला वाटत होतं की त्याला आपले मासे गेल्याचं वाईट वाटतंय. त्याला बहिणीच्या कामाला येता येणार नाही याचं वाईट वाटत होतं.

आयल्सानं हातांचं पीठ झटकलं. 

"काठावर बसून नुसती बडबड केलीस तरी चालेल मला," ती म्हणाली. "माझे डोळे माझ्यापाशी आहेत. साठ वर्षं तुझी टकळी ऐकत मासे पकडलेत, मुकाट्यानं पकडता येतील का मला?"

मर्डोनं काठीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "एक दिवस. येत्या पहिल्या तारखेला, मासेमारीचा हंगाम उघडेल तेव्हा. मासा काढला तर काढला. नाहीतर काठी हेमीची, आणि तू निमूट आपला डाव घ्यायचा. पुन्हा हा विषय नाही."

"कबूल."

हेमीला चीज रोल देऊन रिकाम्या हातानं परत पाठवलं. जाताना तो म्हणाला, "पहिल्या तारखेला संध्याकाळी येतो. काठीला नाहीतर जेवायला."

पहिली तारीख उजाडली ती गारा घेऊनच. दोघं नदीकाठी गाडीत बसून राहिली. टपावर गारांचा तडतडाट, आत थर्मासमधला चहा, फडक्यात बांधलेले रोल. मी टोपीत, टोपी मर्डोच्या डोक्यावर. वर्षानंतर मला नदीचा वास येत होता आणि माझी पिसं शहारली होती.

दहा वाजून गेले तशा गारा थांबल्या. वारा पडला. आभाळ मऊ राखाडी झालं. आयल्सानं मला टोपीतून काढलं, फुंकर मारून धूळ उडवली आणि दोरीच्या टोकाचा बारीक नायलॉनचा तंगूस माझ्या नेढ्यातून ओवून दिला. गाठ मात्र मर्डोनं मारली. त्याची बोटं बघत नव्हती, त्यांना आठवत होतं.

"ही ती वाकडी ना?" त्यानं माझ्या पंखावरून बोट फिरवलं.

"तीच. कसरीनं थोडी खाल्लीय."

"आपल्यालाही थोडं खाल्लंय. चालायचंच."

मर्डो कुंपणाचा खांब धरत पाण्यात उतरला. आयल्सा आपला रेनकोट गाडीत टाकून उंच काठावर चढली. समोर जुना विलो, त्याच्या मुळांखाली काळा डोह. पहिल्या खऱ्या माशा पाण्यावर आल्या. आणि विलोच्या मुळांपाशी एक नाक वर आलं, शांतपणे एक माशी टिपून खाली गेलं.

"मर्डो," आयल्साचा आवाज एकदम हलका झाला. "आहे. मोठा आहे."

"किती मोठा?"

"खोटं सांगू की खरं?"

"खरं."

"मग विचारू नकोस. हात थरथरतील तुझे."

अंतर सांगायची त्यांची रीत त्यांचीच होती. लहानपणचं स्वयंपाकघर दोघांच्या डोक्यात जसंच्या तसं होतं. "दारापासून चुलीपर्यंत टाक," आयल्सा म्हणाली. दोरी उलगडली, मी टेकले. "चुलीपाशी पडली. मला खिडकीजवळ हवीय." पुन्हा काठी मागे, पुढे. "खिडकीत! आता थांब. येतेय वाहत. येतेय..."

सावली उठली. पाणी फुगलं. डुब्.

"बूट... आधी..."

आणि मर्डोनं काठी उचलली. माझ्याभोवतीचं पांढरं तोंड अजून उघडंच होतं. मी सुटून विलोच्या फांदीपर्यंत उडाले.

"आधी!" आयल्सा वरून ओरडली. "आधीला उचललीस! आईनं चिखलासकट घरात घेतलं असतं का तुला?"

मर्डो मान खाली घालून उभा राहिला. पाणी त्याच्या गुडघ्यांभोवती वळसे घेत होतं. "गेला?"

"खाली बसलाय. टोचलं नाहीय त्याला, परत येईल. बाहेर ये, खाऊन घे."

काठावर बसून दोघांनी गार झालेले रोल खाल्ले.  मग मर्डो म्हणाला, "पाण्याचा आवाज येतो ना, मला राहवतच नाही. वाटतं, हाही चालला."

"पाणी घाई करतं, मर्डो. त्याचा तो स्वभावच आहे. तू माझं ऐक."

"आणि तू चुकलीस तर?"

"तर मला शिव्या दे. पण मला चुकू तर दे. तू मला बोलूच देत नाहीस."

मर्डो हसला. वर्षभरात पहिल्यांदा मी त्याला असं हसताना ऐकलं. "शाळेतली पोरं म्हणायची, तू बस चालवताना तोंड बंद करायची नाहीस."

"म्हणून तर एकही पोर कधी उशिरा पोचलं नाही."

दोघं उठली. मासा परत वर येऊ लागला होता. मर्डो पाण्यात उतरला, खांब धरला, मग खांब सोडून दिला. मला टाकलं. "खिडकीत," आयल्सा पुटपुटली. "अगदी खिडकीत."

मी वाहत निघाले. माझ्या दोन्ही बाजूंना खऱ्या माशा होत्या, एका दिवसाच्या आयुष्याच्या मालकिणी, आणि मधे मी, वाकडी, कसर लागलेली. एवढं मनापासून मी कधीच खोटं बोलले नव्हते. सावली उठली. नाक वर आलं. तोंड उघडलं, आणि मी आत गेले.

डुब्.

अंधार. वरून, फार लांबून, आवाज आला. "बूट..."

तोंड मिटत होतं. मर्डो, थांब. "आधी..."

तंगूस ढिलाच होता. मासा मान वळवत होता. मला ओरडावंसं वाटलं, पण माशीला कुठला आवाज? "बाहेर..."

इथं आयल्सा क्षणभर थांबली. तिच्या आईसारखी. दारात उभी राहून, सगळ्यांच्या पायांकडे बघत. सगळी नदी त्या एका शब्दासाठी थांबल्यासारखी वाटली मला.

"काढा!"

काठी उठली आणि मी जबड्याच्या कोपऱ्यात घट्ट रुतले.

पुढचं काय सांगू! रीळ किंचाळलं. मासा डोहातून वर, डोहातून खाली, धारेत, धारेबाहेर. आणि वर मर्डो, लहान पोरासारखा ओरडत होता. "दिसतोय मला! आयल्सा, हातात दिसतोय! आता वळला. आता डोकं हलवतोय. अगं, केवढा आहे हा!"

"मुळांकडे जाऊ देऊ नकोस!"

"तू जाळी आण! जाळी!"

आयल्सा काठावरून घसरत, बुडावर बसत, कशीबशी खाली आली. हातजाळी पुढे करून ती पाण्याच्या कडेला वाकली. मासा हाताभर अंतरावर आला होता. मी त्याच्या जबड्यातून तिचा चेहरा पाहिला, वेडा झालेला, शाळकरी. तेवढ्यात माशानं शेवटची उसळी घेतली, विलोच्या मुळाला वळसा घातला, तंगूस मुळावर घासला आणि तुटला.

दोरी मोकळी पडली. काठी सरळ झाली. माझा मासा मुळांखालच्या काळोखात शिरून धापा टाकू लागला आणि मी त्याच्या जबड्यात राहिले, दोघांपासून जेमतेम एका काठीच्या अंतरावर. म्हणून पुढचं सगळं मी ऐकलं.

बराच वेळ नुसतं पाणी वाजत होतं.

"गेला," मर्डो म्हणाला.

"गेला, पण हात लागला," आयल्सा म्हणाली. "माझा हात लागला त्याला. शेपटीला. धरला जाणार मासा. तुझा मासा झाला, मर्डो." तिचा आवाज फार घाईत होता. "काढलास तू. आता डाव माझा."

मी सांगते, हात लागला नव्हता. मी होते तिथं. त्या घरात डावाच्या बाबतीत बोललं गेलेलं ते पहिलं खोटं, आणि माझ्यासारख्या जन्माच्या खोटारडीलाही ते ऐकून भरून आलं.

मर्डो पाण्यातून चाचपडत तिच्यापाशी गेला. त्यानं तिचा हात शोधला, बोटं धरली, मग मनगट, मग लोकरी बाही कोपरापर्यंत. त्या मऊ हातांनी आयुष्यभर लोकरच तर धरली होती.

"कोरडी आहे," तो म्हणाला.

आयल्सा हात मागे घेऊ लागली.

"बाही कोरडी, बोटंसुद्धा कोरडी. शेपटीला हात लागला म्हणे! लाज वाटत नाही? या वयात?"

"मर्डो, अरे..."

"हात लागला नाही तर मासा धरायचा नाही. डाव माझाच आहे." त्यानं तुटलेल्या तंगुसाचं टोक बोटावर गुंडाळायला सुरुवात केली. "उद्या सकाळी दहाला. आणि रोल गरम आण, आजचे दगड होते."

"आणि हेमी येणार आहे ना संध्याकाळी? काठी न्यायला?"

"हेमीला जेवायला घाल. आणि सांग त्याला, डाव अर्धा असताना काठी घराबाहेर जात नाही."

आयल्सा हसायला लागली की रडायला, ते मुळांखालून मला नीट कळलं नाही. दोन्ही असावं. मग काठावर चढताना मर्डोचा आवाज लांबून आला. "आणि ती माशी गेली की. आज दुसरी बांधायला घे. तशीच वाकडी."

"टेबलावर तूच येऊन आदळ मग."

तर अशी मी इथं आहे. गळाची उलटी अणी आयल्सानं दाबली होती, म्हणून मी फार काळ टिकणार नाही. पोलाद गंजतंय, मासा अधूनमधून गोट्यांवर जबडा घासतो, आज ना उद्या मी सुटून तळाच्या वाळूत पडेन. तिथं खऱ्या माशांची पिल्लं दगडांखाली वाढत असतात. त्यांना मी सांगेन की मी पाच वसंत तुमचं सोंग केलं आणि फार सुखात केलं.

रोज सकाळी दहाच्या सुमाराला वरून आवाज येतात. पाण्यावर माझी धाकटी बहीण टेकते, डावीकडे कलंडलेली, पाद्र्याच्या ताज्या पिसांवर उभी. माझा मासा शहाणा झालाय, तो तिच्याकडे फिरकत नाही. पण या डोहात इतर मासे आहेत. मर्डोनं अजून हात लागलेला मासा काढलेला नाही, आणि आयल्सा काठावरून साऱ्या खोऱ्याला ऐकू जाईल अशी ओरडते, "अरे, मरायच्या आधी माझा डाव येऊ दे की, मेल्या!" तिला एवढ्या आनंदात मी टोपीत असतानाही कधी ऐकलं नव्हतं.

माझी विनंती एकच आहे आणि ती मर्डोला आहे. पाणी बोलेल, त्याला बोलू दे. तू तिचं वाक्य संपू दे. आणि पाद्र्याला कुणीतरी माझा नमस्कार सांगा. त्याची पिसं अजून ताठ आहेत.